नावांचं रीळ कापू नका

जुन्या मराठी चित्रपटांचे हक्क सांभाळणारे, ते वाहिन्यांवर, महोत्सवांत आणि ऑनलाइन दाखवणारे, तसंच कादंबऱ्यांची नाट्यरूपांतरं पुन्हा रंगमंचावर आणणारे निर्माते, या सर्वांना –

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका संस्थेनं साहित्यकृतींवर बेतलेले जुने मराठी चित्रपट दाखवले. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एकट्या तिच्याबद्दल नाही. मी माझ्या पंधरा विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. दिवे मालवले आणि चित्रपट थेट पहिल्या प्रसंगापासून सुरू झाला. नावं आलीच नाहीत. हातातल्या पत्रकात दिग्दर्शक होते, नायक-नायिका होते, संगीतकार होते. ज्या कादंबरीमुळे तो चित्रपट या मालिकेत निवडला गेला, तिचं नाव नव्हतं आणि कादंबरीकाराचंही नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर मी विचारलं. उत्तर असं मिळालं, की वेळ वाचावा म्हणून श्रेयनामावली काढली आहे, आणि तशीही ती कुणी वाचत नाही.

मी वाचते. माझ्या घरात ती वाचायची पद्धत होती, म्हणून हे पत्र.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, सातारा-सांगलीच्या जत्रांमधून फिरणाऱ्या एका तंबू टॉकीजवर ऑपरेटर होते. कार्बनच्या कांड्या पेटवून मशीन चालवायचं, रीळ संपलं की थांबून दुसरं लावायचं, फिल्म तुटली की सांधायची. हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं. मिनिटाला नव्वद फूट फिल्म मशीनमधून जाते. म्हणजे दोन मिनिटांची नावं एकशे ऐंशी फुटांत मावतात. नाना सांगायचे, रिळाचं तोंड आणि शेपूट सगळ्यात आधी झिजतं. फिल्म ओवताना हात तिथंच लागतात, ओरखडे तिथंच पडतात, आणि सांधा मारताना दोन-चार चौकटी जातात त्याही तिथल्याच. गावोगाव फिरून आलेल्या प्रतीत पहिला बळी नावांचा. म्हणून पहिल्या रिळाला ते फार जपायचे. त्यांच्या तोंडी त्याला ‘नावांचं रीळ’ असाच शब्द होता.

त्यांची एक वही होती. लागलेल्या प्रत्येक चित्रपटाची नोंद: नाव, रिळं किती, कुठल्या गावाला लागला, आणि त्याआधी एक रकाना, ‘कथा कुणाची’. सातवी शिकलेला माणूस. त्या रकान्यावरून तालुक्याच्या वाचनालयात जाऊन पुस्तकं मागायचा, आणि आणलेलं पुस्तक मी वाचायचे. मराठीची शिक्षिका मी त्या रकान्यामुळे झाले. गेली सव्वीस वर्षं महाविद्यालयात साहित्याचं माध्यमांतर शिकवते. कादंबरी नाटकात येताना काय होतं, चित्रपटात येताना काय होतं, हे पुस्तक एका हातात आणि चित्रपट समोर ठेवूनच शिकवता येतं. त्यातला एक धागा तुम्ही तोडलात की माझ्या वर्गात शिकवण्यासारखं काही उरत नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी: आपल्याकडे पुस्तकाचं आणि चित्रपटाचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं. अशा वेळी पडद्यावरची ती एक ओळ हाच मूळ कलाकृतीकडे जाणारा रस्ता असतो. प्रभातचा ‘कुंकू’ 1937 चा. म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लावलेलं लग्न आणि ते मनानं कधीच न स्वीकारणारी नीरा. शांता आपटे आणि केशवराव दाते आजही आठवतात, व्ही. शांतारामांचं नाव तर सगळ्यांच्या ओठावर असतं. पण तो चित्रपट ज्या कादंबरीवरून झाला तिचं नाव ‘न पटणारी गोष्ट’, आणि ती नारायण हरी आपट्यांची. 1934 च्या ‘अमृतमंथन’मागेही त्यांचीच कादंबरी होती, ‘भाग्यश्री’. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीनं निबंधात लिहिलं, की नीरेचं बंड ही दिग्दर्शकाची कल्पना होती. मी तिला कसा दोष देणार? तिनं पाहिलेल्या प्रतीत आपट्यांचं नाव नव्हतं, आणि चित्रपटाच्या नावावरून त्या कादंबरीपर्यंत पोहोचणं कुणालाच शक्य नाही.

अण्णाभाऊ साठ्यांच्या बाबतीत तर हे मला फार लागतं. त्यांची ‘वैजयंता’ 1961 मध्ये गजानन जागीरदारांनी पडद्यावर आणली. नाव तेच राहिलं, म्हणून माग लागतो. पण ‘आवडी’चा 1969 मध्ये ‘टिळा लावते मी रक्ताचा’ झाला. ‘माकडीचा माळ’चा ‘डोंगरची मैना’ झाला. ‘चिखलातील कमळ’चा ‘मुरली मल्हारीरायाची’ झाला. ‘अलगूज’ 1974 मध्ये ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ होऊन आली. चार कादंबऱ्या, चारही नावं बदललेली. यातले तीन चित्रपट ज्या 1969 सालचे, त्याच वर्षी 18 जुलैला अण्णाभाऊ गेले.

नावं का बदलली हेही समजून घेण्यासारखं आहे. 1959 मध्ये ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशापट आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात 131 आठवडे चालला. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं मराठी पडद्यावर ढोलकीचा जोर होता. कादंबरी घ्यायची तर तिच्यात फड हवा, लावणी हवी, आणि नाव असं हवं की फलकावर वाचतानाच चाल लागावी. ‘आवडी’ हे एका मुलीचं साधं नाव. ‘टिळा लावते मी रक्ताचा’ ही गाण्याची ओळ वाटते. निर्मात्यांनी हे धंद्याची गरज म्हणून केलं असणार, आणि त्याबद्दल माझं भांडण नाही. नावाचा बदल हा त्या काळच्या माध्यमांतराच्या इतिहासाचाच भाग आहे आणि मी तो आवडीनं शिकवते. पण बदललेल्या नावाखाली ‘कथा : अण्णाभाऊ साठे’ ही ओळ होती तोवर व्यवहार सरळ होता. ती ओळ कापल्यावर चित्रपट उरतो आणि कादंबरी त्यातून निघून जाते. कधी शाळेचं पूर्ण शिक्षण न मिळालेल्या, चिरागनगरच्या झोपडीत बसून लिहिणाऱ्या माणसाची ती कमाई होती. त्याच्या नावाचे पुतळे उभे राहतात, जयंतीला मिरवणुका निघतात, आणि त्याच्या कादंबरीवरचा चित्रपट त्याच्या नावाशिवाय दाखवला जातो. हे मी गप्प राहून पाहू शकत नाही.

दुसरी तक्रार रंगभूमीवाल्या मंडळींकडे. श्री. ना. पेंडशांनी आपल्या कादंबऱ्यांना स्वतः नाटकाचं रूप दिलं. ‘हद्दपार’मधून ‘राजेमास्तर’ आलं. 1952 ची ‘गारंबीचा बापू’ आधी रंगमंचावर आली आणि 1980 मध्ये चित्रपट झाली. दोन्हीकडे बापू डॉ. काशिनाथ घाणेकरांचा. या एका कलाकृतीत माझ्या विषयाचा अख्खा अभ्यासक्रम आहे. कादंबरीत गारंबी हे गाव हेच एक पात्र आहे. आगरं, वहाळ, देऊळ, खोताची ओसरी, आणि या सगळ्यावरून फिरणारी गावाची जीभ. रंगमंचावर इतकं गाव येत नाही. तिथं दोन-तीन स्थळं निवडावी लागतात, बाकीचं गाव पात्रांच्या बोलण्यात आणावं लागतं, आणि अंकाचा पडदा कुठं पाडायचा हे ठरवताना कादंबरीचे सांधे पुन्हा नव्यानं जुळवावे लागतात. चित्रपटात गाव परत येतं, पण कादंबरीतलं निवेदकाचं बोलणं जातं. बापूच्या मनातलं आता त्याच्या प्रेयसीकडे, राधेकडे, टाकलेल्या एका नजरेत यावं लागतं. कादंबरीकार स्वतः हे रूपांतर करतो तेव्हा तो आपल्याच लेखनाची चिकित्सा करत असतो. त्याच्या संहितेवर मारलेल्या काटांमध्ये ती चिकित्सा वाचता येते.

आणि तुम्ही अशी नाटकं पुन्हा उभी करता तेव्हा काय होतं? तिसऱ्या घंटेनंतर जी घोषणा होते तिच्यात निर्मिती संस्था येते, प्रायोजक येतात, नेपथ्य-प्रकाश येतो. ‘मूळ कादंबरी’ हे दोन शब्द गेल्या काही वर्षांत मी दोनदा ऐकले नाहीत. संहिता कुठल्या प्रयोगाची, किती कापलेली, कुणी कापलेली, हे तर कधीच सांगितलं जात नाही. दोन अंकांत बसवण्यासाठी तीन अंकांचं नाटक कापलंत तर जरूर कापा, काळ तसाच आहे. पण प्रेक्षक घरी जाताना जे पाहिलं तेच मुळात लिहिलेलं होतं असं समजून जातो.

तिसरी तक्रार पटकथांबद्दल. त्या कुठं आहेत? चित्रपट एकदा तयार झाला की पटकथेच्या प्रती कपाटाच्या तळाशी जातात, मग माळ्यावर आणि मग रद्दीत. हे मी दोन ठिकाणी डोळ्यांनी पाहिलं आहे. ‘श्यामची आई’चं उदाहरण घ्या. साने गुरुजींनी ते पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. मोठा झालेला श्याम एकेका रात्री आश्रमातल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. याला कादंबरी म्हणा किंवा म्हणू नका, पण एकसंध कथानक तिच्यात नाही. एकामागून एक ओवलेल्या आठवणी आहेत. यातून चित्रपट करायचा म्हणजे कोणत्या रात्री घ्यायच्या, कोणत्या सोडायच्या, कोणत्या दोन एकत्र करायच्या, हे ठरवायला हवं. सांगणारा मोठा श्याम पुस्तकभर आपल्या सोबत असतो. पडद्यावर तो भार एका लहान मुलाच्या चेहऱ्यावर येतो. आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये हे केलं. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम झाले, आणि 1954 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले तेव्हा राष्ट्रपतींचं सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळालं. गुरुजी तोवर हयात नव्हते, 1950 च्या जूनमध्ये ते गेले होते. म्हणजे लेखकाला विचारायची सोय नसताना, घरोघरी पाठ झालेल्या पुस्तकाला हात घालण्याची जबाबदारी अत्र्यांवर होती. बेचाळीस रात्रींतून त्यांनी केलेली निवड हा मराठी पटकथालेखनाचा उत्तम धडा आहे. तो शिकवायला मला पडद्यावरून ऐकून ऐकून, थांबवून थांबवून प्रसंगांची यादी हातानं करावी लागली. सुवर्णपदकाच्या चित्रपटाची ही गत, मग बाकीच्यांचं काय सांगू?

कागद जपले की काय साधतं, याचं एक उदाहरण मराठीबाहेरचं. आर. के. नारायण यांची इंग्रजी कादंबरी ‘द गाइड’ 1958 ची. तिच्यावरून 1965 मध्ये ‘गाइड’ चित्रपट झाला आणि 1968 मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर नाटकही झालं, जे थोड्याच प्रयोगांत आटोपलं. दक्षिणेतली त्यांची कल्पित मालगुडी चित्रपटात राजस्थानात, उदयपूरला गेली. नारायण यांना ते रुचलं नाही आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. म्हणून आज कादंबरीकाराची बाजूही वाचता येते आणि दिग्दर्शक विजय आनंद यांनी तिच्यातून काय घडवलं तेही पाहता येतं. चित्रपट मोठा आहे, असं मी म्हणते, आणि नारायण यांची तक्रारही खरी आहे. दोन्ही समोर असल्यामुळेच मला असं म्हणता येतं. आमच्या कादंबरीकारांची आणि निर्मात्यांची पत्रं, करार, टिपणं जपली गेली तर मराठीतही असा वाद घालता येईल.

कुणी म्हणेल की प्रती जुन्या आहेत, जे उरलंय तेच दाखवतो. काही चित्रपटांच्या बाबतीत ते खरंही आहे. 2003 च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या, साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातला ठेवा जळाला. त्या बातमीच्या दिवशी नाना जेवले नाहीत. जे जळलं ते परत येणार नाही. पण शाबूत असलेली नावं कात्रीनं काढणं आणि आगीत जाणं यांत फरक आहे. जिथं नावं खरंच झिजून गेली आहेत तिथं त्या वेळच्या गाण्यांच्या पुस्तिका आहेत. चार-आठ पानांच्या त्या चोपड्यांत कथासार, गाणी आणि श्रेय छापलेलं असायचं. जाहिराती आहेत, परीक्षणं आहेत. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. शोधणाऱ्याला सापडतं.

कायद्याचीही बाजू आहे, ती थोडक्यात. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, लेखकाचा मात्र त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. म्हणजे ‘वैजयंता’ हा चित्रपट 2021 अखेर मुक्त झाला, पण अण्णाभाऊंच्या लेखनावरचा हक्क 2029 अखेरपर्यंत आहे. चित्रपट मुक्त झाला म्हणजे कादंबरीही बेवारस झाली, असा समज दिसतो. तो चूक आहे. शिवाय त्याच कायद्याच्या कलम 57 नं लेखकाला, हक्क विकून टाकल्यावरसुद्धा, ही कृती माझी आहे असं सांगण्याचा अधिकार दिलेला आहे. मी कोर्टात जाण्याची भाषा करत नाही. पण तुम्ही ज्याला वेळेची बचत म्हणता, ती कुणाच्या तरी अधिकारातून होते आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

1. जुना चित्रपट दाखवताना श्रेयनामावली पूर्ण दाखवा. वेळ कमी असेल तर जाहिरात कमी करा.

2. मूळ प्रतीतच नावं नसतील, तर सुरुवातीला एक पाटी घाला: मूळ कादंबरी, लेखक, पटकथा, संवाद. पाच सेकंद पुरतात.

3. पत्रकात, पोस्टरवर आणि ऑनलाइन माहितीत मूळ साहित्यकृतीचं नाव तिच्या मूळ शीर्षकासह लिहा. ‘कादंबरीवर आधारित’ एवढं मोघम नको.

4. कादंबरीवरच्या नाटकाच्या प्रत्येक प्रयोगाआधीच्या घोषणेत कादंबरी आणि रूपांतरकार यांचा उल्लेख करा, आणि संहिता संक्षिप्त केली असेल तर तेही सांगा.

5. पटकथा, संवादांच्या वह्या, नाटकाच्या काटाकाटी केलेल्या संहिता, पुस्तिका, करारपत्रं – जे काही तुमच्या कपाटांत असेल त्याची यादी करा. मूळ कागद द्यायचे नसतील तर छायाप्रती सार्वजनिक ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला द्या. हे काम या वर्षी सुरू करा. कारण ज्यांना त्या कागदांवरची अक्षरं ओळखता येतात ती माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत.

पाचव्या मागणीसाठी मी फुकट राबायला तयार आहे. माझे विद्यार्थीही तयार आहेत. आम्हाला पिवळी पडलेली पानं हाताळता येतात, मोडीतले शेरे वाचता येतात, यादी नीट करता येते. तुमच्या गोदामात बसायला एक टेबल द्या.

आणि नानांची वही माझ्याकडे आहे. कडा कुरतडलेल्या आहेत, पण शाई टिकली आहे. तुमच्यापैकी ज्या कुणाच्या प्रतीतली नावं गेली असतील त्यांनी कळवावं. वहीत तो चित्रपट असेल, तर ‘कथा कुणाची’ या रकान्यात काय लिहिलं आहे ते मी त्याच दिवशी सांगेन.

आपली नम्र,
एका ऑपरेटरची मुलगी आणि मराठीची शिक्षिका